बंदीचा बोजा कोणाच्या दावणीला?

गोवंशाच्या कत्तलीवर साऱ्या देशाला लागू होणारा एकच कायदा असावा, ही मागणी प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. सेठ गोविंददास यांचे त्यासाठीचे खासगी विधेयक लोकसभेने १९५५ मध्ये फेटाळले. ७ नोव्हेंबर १९६६ रोजी याच मागणीसाठी संसदेवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. एप्रिल १९७९ मध्ये विनोबा भावे यांनी पवनारला उपोषण आरंभले, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी घटनादुरुस्तीचे आश्वासन दिले. तसे विधेयक संसदेत आलेही, पण सरकारच कोसळल्याने ते बारगळले. १९८२ मध्ये विनोबांच्याच प्रेरणेने मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे अनेक वर्षे चालला. आज बहुतेक राज्यांत कमीअधिक कडक बंदी आहे, तरी केंद्रीय कायद्याची मागणी थांबलेली नाही.

या मागणीमागे प्रामुख्याने पाच युक्तिवाद असतात. राज्यघटनेचाच तसा आदेश आहे, हा पहिला. राज्याराज्यांतले कायदे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे बंदी निष्फळ ठरते, हा दुसरा. बंदीवाचून गोधन संपून जाईल, हा तिसरा. शेण आणि गोमूत्र जमेस धरले तर भाकड जनावरही तोट्याचे नसते, हा चौथा. बहुसंख्यांची श्रद्धा आणि मुक्या जनावरांविषयीची दया हा पाचवा. यांतला एकही युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काही तर सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरले आहेत. मात्र पाचही युक्तिवाद एकाच प्रश्नापाशी अडखळतात: दूध आटलेल्या गाईचे आणि काम न उरलेल्या बैलाचे पुढचे आयुष्य कोणाच्या पैशाने निघायचे? या प्रश्नाचे उत्तर न देणारा कायदा रक्षणाचे बिल पशुपालकाच्या नावावर फाडतो, आणि ते न परवडणारा पशुपालक गोवंश पाळणेच कमी करतो.

घटनेचा आदेश आणि केंद्राचा अधिकार

घटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये गाई, वासरे आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीला मनाई करण्यासाठी राज्यसंस्थेने पावले टाकावीत, असे म्हटले आहे. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकूरदास भार्गव यांनी ही दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. सेठ गोविंददास यांना ही तरतूद मूलभूत हक्कांत हवी होती. भार्गव स्वतः कट्टर गोरक्षणवादी होते, तरी त्यांनी ती मार्गदर्शक तत्त्वांत ठेवणे पत्करले. मूलभूत हक्कांत घातल्यास आपल्यावर सक्ती झाली असे अहिंदूंना वाटेल, ही त्यांची अडचण होती. म्हणजे अनुच्छेद जन्माला आला तोच तडजोडीतून, आणि सक्ती टाळण्याचा विचार त्या तडजोडीच्या मुळाशी होता.

अनुच्छेदाची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. त्याची सुरुवात होते ती शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून. जातिवंत पैदास जपणे आणि सुधारणे हे त्यानंतर येते, आणि कत्तलीची मनाई त्या ओघात येते. पहिला भाग वगळून शेवटचा तेवढा उचलला, तर घटनेचा अर्धाच आदेश पाळला जातो. शिवाय अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. ती शासनाला दिशा दाखवतात, वेळ आणि मार्ग ठरवण्याची मोकळीक शासनाकडेच ठेवतात.

खरी अडचण अधिकाराची आहे. सातव्या अनुसूचीत पशुधनाचे जतन, संरक्षण आणि सुधारणा हा विषय राज्यसूचीत, १५ व्या नोंदीत आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार राज्यांचा आहे, आणि तत्कालीन महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी १९५४ मध्येच तसे मत दिले होते. १९७९ चे विधेयक हा विषय समवर्ती सूचीत नेण्यासाठीच होते. केंद्राला तो अधिकार मुळातच असता, तर घटना बदलण्याची गरज पडली नसती. आजही मार्ग तेवढेच आहेत: घटनादुरुस्ती करणे, अनुच्छेद २४९ खाली राज्यसभेने दोनतृतीयांश बहुमताने ठराव करणे, किंवा अनुच्छेद २५२ खाली राज्यांनी स्वतःहून केंद्राला विनंती करणे. हे तिन्ही मार्ग राज्यांची संमती कमीअधिक प्रमाणात गृहीत धरतात. ती संमती आहे असे मानून बसणे आणि ती मिळवणे यांत अंतर आहे.

समर्थक सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाकडे बोट दाखवतात. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहाविरुद्ध एक अशा बहुमताने गुजरातची संपूर्ण बंदी वैध ठरवली, हे खरे आहे. १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी गाईच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी मान्य केली होती, मात्र निरुपयोगी झालेल्या बैलांपुरती ती अवाजवी ठरवली होती. तो भाग २००५ मध्ये बदलला. परंतु दोन्ही वेळा न्यायालयापुढे प्रश्न होता तो राज्याने केलेल्या कायद्याचा: असा कायदा राज्याला करता येतो का? करता येतो, असे उत्तर मिळाले. केंद्राने तो करावा किंवा करायलाच हवा, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. मुभेला आज्ञा म्हणून सादर करणे हा या युक्तिवादातला सर्वांत मोठा दोष आहे.

एकच कायदा, अनेक प्रदेश

दुसरा युक्तिवाद व्यवहारातला आहे. एका राज्यात बंदी आणि शेजारी मुभा असेल, तर जनावरे ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे नेली जातात. हे घडते, यात शंका नाही. पण जनावर सीमा ओलांडते ते पलीकडे त्याला किंमत आहे आणि अलीकडे ती शून्यावर आली आहे म्हणून. सर्व राज्यांत एकच बंदी आली, तरी ज्या गरजेतून शेतकरी जनावर विकतो ती गरज तशीच राहते. वाहतूक मग आणखी आडमार्गाने, रात्री-अपरात्री आणि आणखी चढ्या हप्त्यांवर चालते.

विसंगती म्हणून जे हिणवले जाते, ते बऱ्याच अंशी भूगोलाचे आणि आहाराचे वेगळेपण आहे. नागालँड, मिझोराम आणि मेघालयात गोमांस हे रोजचे अन्न आहे. केरळात सर्व धर्मांचे लोक ते खातात. पश्चिम बंगालच्या १९५० च्या कायद्यानुसार चौदा वर्षांवरच्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या जनावराची, दाखला घेऊन, कत्तल करता येते. गोव्यात १९७८ पासून गाईच्या कत्तलीवर बंदी आहे, बैलाच्या कत्तलीला मात्र अटींसह मुभा आहे. कर्नाटकाने २०२० च्या अखेरीस नवा कडक कायदा आणला, तेव्हा बेळगावकडून गोव्यात येणारा पुरवठा तुटला. ऐन नाताळच्या तोंडावर टंचाई झाली, आणि पर्यायी पुरवठ्याची खटपट गोव्यातल्या भाजपच्याच मुख्यमंत्र्यांना करावी लागली. ज्या पक्षाच्या व्यासपीठावरून केंद्रीय बंदीची मागणी वारंवार होते, त्याच पक्षाच्या सरकारांनी तेव्हा एका राज्यात ती राबवली आणि शेजारच्या राज्यात तिचे परिणाम निस्तरले. याला ढोंग म्हणण्यापेक्षा संघराज्याचे वास्तव म्हणणे अधिक बरोबर ठरेल. लोकांच्या जवळ असलेल्या सरकारला स्थानिक गरज टाळता येत नाही.

केंद्राने असा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. २३ मे २०१७ रोजी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नवे नियम काढून पशुबाजारात कत्तलीसाठी जनावर विकण्यास मनाई केली गेली. तीत म्हशी आणि उंटही होते. आठवड्याभरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने स्थगिती दिली. मेघालय विधानसभेने या नियमांविरुद्ध ठराव केला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देशभर लागू केली आणि पुढे सरकारनेच ती तरतूद मागे घेतली. मागल्या दाराने आणलेली ही बंदी कायद्याच्या कसोटीवर आणि बाजाराच्या व्यवहारात, दोन्हीकडे उणी पडली.

गोधन खरेच वाढते का?

बंदी घातली की गोधन टिकते, असे गृहीत धरले जाते. पशुगणनेचे आकडे या गृहीताला दुजोरा देत नाहीत. २०१२ ते २०१९ या काळात पश्चिम बंगालात, जिथे कत्तलीला अटींसह मुभा आहे, गाई-बैलांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढली आणि ते राज्य देशात पहिले आले. त्याच काळात कडक कायदे असलेल्या उत्तर प्रदेशात आणि मध्य प्रदेशात संख्या सुमारे चार टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात, जिथे बैलांवरची बंदी २०१५ मध्ये आली, ती सुमारे १० टक्क्यांनी घटली. उलट दाखलेही आहेत. झारखंडात बंदी असूनही संख्या मोठ्या प्रमाणात वाढली आणि राजस्थानातही ती थोडी वाढली. चारा, पाऊस, दूधसंघ, यांत्रिकीकरण अशी अनेक कारणे या चढउतारांमागे असतात. म्हणून बंदीमुळेच गोधन घटले, असे ठाम म्हणता येत नाही. बंदीमुळे ते टिकते, असे म्हणणे तर त्याहूनही कठीण आहे.

अधिक बोलका आकडा नर जनावरांचा आहे. २०१२ मध्ये देशात बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून सुमारे ६.८ कोटी होते, ते २०१९ मध्ये ४.७ कोटींवर आले. सात वर्षांत ही ३० टक्क्यांची घट आहे. याच काळात गाई आणि कालवडी १८ टक्क्यांनी वाढून १४.५ कोटी झाल्या. निसर्गात नर आणि मादी जवळपास सारखेच जन्मतात. मग हे कोट्यवधी गोऱ्हे गेले कोठे? देशाच्या बहुतांश भागात कत्तलीवर कायद्याने बंधने असतानाच हे घडले. त्यांतले काही चोरट्या बाजारात गेले. बाकीच्यांना पुरेसे दूध न पाजता मरू दिले गेले किंवा लांब नेऊन सोडले गेले. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी १९६९ ते १९७१ च्या सुमारास झालेल्या वादात हेच दाखवले होते: शेतकरी कत्तल करत नसला, तरी आपल्या गरजेप्रमाणे नर-मादीचे प्रमाण उपेक्षेच्या मार्गाने राखतो, आणि म्हणूनच ते प्रदेशाप्रदेशांत वेगळे दिसते. कायद्याला सुरी दिसते, उपासमार दिसत नाही.

म्हशीचा दाखला तर समर्थकांना सर्वांत अडचणीचा आहे. बहुतेक राज्यांत म्हशीच्या कत्तलीला मुभा आहे आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या अग्रेसर देशांपैकी आहे. कत्तलीने जात संपत असती, तर म्हैस केव्हाच नाहीशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात म्हशींची संख्या २०१९ मध्ये सुमारे ११ कोटी होती आणि आधीच्या गणनेपेक्षा ती किंचित वाढलेली होती. देशाच्या दुधात म्हशीचा वाटा संख्येच्या मानाने फार मोठा आहे. म्हैस पाळणाऱ्याला ती आटल्यावरही तिची काही किंमत येते, हे तिच्या टिकून राहण्याचे एक कारण आहे. स्थानिक जातींचेही तसेच आहे. खिल्लार बैल पश्चिम महाराष्ट्रात टिकले ते शर्यतींमुळे आणि हौसेमुळे. म्हणूनच २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, तेव्हा आता खिल्लार पाळायचे कशाला, असा सवाल पशुपालकांनी केला. जात टिकते ती उपयोगाच्या आणि किमतीच्या आधाराने.

भाकड जनावराचा हिशेब

चौथा युक्तिवाद आर्थिक आहे आणि २००५ च्या निकालातही त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. भाकड गाय आणि म्हातारा बैल शेण-मूत देत राहतात, त्यातून खत आणि इंधन मिळते, म्हणून ते कधीच निरुपयोगी होत नाहीत, असे त्याचे स्वरूप आहे. खताचे मोल कोणीच नाकारत नाही. प्रश्न आहे तो ते वैरणीच्या खर्चाला पुरते का, हा.

छत्तीसगड सरकारने जुलै २०२० पासून गोधन न्याय योजनेत दोन रुपये किलोने शेण विकत घेतले. एखाद्या देशी जनावराचे शेण दिवसाला दहा किलो धरले, तर या सरकारी भावानेही उत्पन्न होते वीस रुपये. दुसरीकडे महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, तेव्हा गोशाळांना प्रत्येक देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवले. उत्तर प्रदेशातही निराश्रित गोवंशासाठी २०२३ पासून हाच दर आहे. २०१९ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या चारा छावण्यांत मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दर द्यावा लागला. म्हणजे नुसते जगवण्याचा खर्च सरकारच्याच लेखी पन्नास ते शंभर रुपये आहे आणि शेणाची मिळकत त्याच्या निम्म्याहूनही कमी. भाकड जनावर फायद्याचे असते, तर ते रस्त्यावर सोडले गेलेच नसते. २०१९ च्या गणनेत देशात ५० लाखांवर मोकाट गाई-बैल आढळले. त्यांतले सर्वाधिक, साडेबारा लाखांहून अधिक, राजस्थानात आणि जवळपास बारा लाख उत्तर प्रदेशात होते. ही दोन्ही राज्ये कडक बंदीची आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जनावर हे भांडवल असते. गाय काही वेतांनी उतरणीला लागली की तो ती बाजारात नेतो, आलेल्या पैशांत भर घालतो आणि दुभती गाय दावणीला बांधतो. बैल थकण्याआधी विकून नवी जोडी घेण्याचा व्यवहारही असाच चालतो. जुन्या जनावराची किंमत ही नव्या जनावराच्या किमतीतला पहिला हप्ता असते. बंदीने तो हप्ता नाहीसा होतो आणि त्याऐवजी रोजचा खर्च गळ्यात पडतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद केली, बैलाला मात्र दाखल्यावर मुभा ठेवली होती. १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ४ मार्च २०१५ रोजी लागू झाली आणि ती मुभाही गेली. पाठोपाठ दुष्काळाची वर्षे आली. मराठवाड्यातल्या ज्या शेतकऱ्याकडे कडबा नव्हता आणि पाणीही नव्हते, त्याला बैलजोडीही मातीमोलाने द्यावी लागली. २०२५ मध्ये स्वयंघोषित गोरक्षकांच्या छळाला कंटाळून राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि कासावीस झाले ते विकायला आलेले शेतकरी.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काम केलेले वि. म. दांडेकर यांनी या प्रश्नावर १९६० च्या दशकातच बोट ठेवले होते. भारतातले गोधन हे पर्यावरणाशी आणि शेतीशी चोख जुळलेले आहे, असा सिद्धांत अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी मांडला होता. दांडेकरांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. चारा मर्यादित असताना अनुत्पादक जनावरे पोसली, तर त्यांचा घास उत्पादक जनावरांच्या तोंडचा काढला जातो आणि एकूण गोधन खुरटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर ट्रॅक्टर गावोगाव पोचला, संकरित गाई वाढल्या आणि त्यांचे गोऱ्हे ओढकामाला फारसे उपयोगी पडेनासे झाले. दांडेकरांच्या वेळी जो प्रश्न म्हाताऱ्या बैलाचा होता, तो आता जन्मलेल्या प्रत्येक जर्सी किंवा एचएफ गोऱ्ह्याचा झाला आहे.

देशपातळीवर हिशेब मांडला, तर दिवसाला पन्नास रुपयांनी एका जनावराचा वर्षाचा खर्च होतो १८,२५० रुपये. आज मोकाट असलेल्या ५० लाख जनावरांनाच हा दर लावला, तर वर्षाला नऊ हजार कोटींहून अधिक लागतील. देशी गोवंशाच्या सुधारणेसाठी केंद्राने चालवलेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनची २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांची वाढीव तरतूद आहे ३,४०० कोटी. केंद्रीय बंदी आली, तर आज कायदेशीर किंवा चोरट्या मार्गाने गोठ्याबाहेर जाणाऱ्या जनावरांचीही भर दरवर्षी पडत जाईल, आणि प्रत्येक जनावर पुढे सात-आठ वर्षे जगेल. हा खर्च करण्याची तयारी असल्याचे कोणत्याही सरकारने आजवर कृतीने दाखवलेले नाही. ती नसेल, तर बंदी म्हणजे फुकटात पुण्य मिळवण्याचा उद्योग ठरतो, आणि त्याची किंमत ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत तो मोजतो. तो बहुधा हिंदूच असतो.

श्रद्धा आणि दया

उरला श्रद्धेचा आणि भूतदयेचा प्रश्न. गाय कोट्यवधींना पूज्य आहे; पोळ्याला आणि बेंदराला बैलाची पूजा करणाऱ्या समाजाला तिचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो श्रद्धेला दंडसंहितेचा आधार हवा का, हा. महात्मा गांधींइतका गोसेवेचा कैवारी दुसरा दाखवणे कठीण. तरी जुलै १९४७ मध्ये, देशभरातून गोवधबंदीच्या तारा येत असताना, असा कायदा करायला आपण सांगू शकत नाही, अशी भूमिका त्यांनी प्रार्थनासभेत घेतली. भारत एकट्या हिंदूंचा नाही, हे त्यांचे कारण होते. त्यांचा भर होता तो गाई सुधारण्यावर, दुग्धशाळांवर आणि मेलेल्या जनावराच्या चामड्याच्या सदुपयोगावर. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरीस वर्ध्यात गोसेवेचे काम हाती घेतले, ते याच वाटेने. दुसऱ्या टोकाला सावरकरांनी गाईला देवत्व देण्याला विरोध केला आणि तिच्याकडे उपयुक्त पशू म्हणून पाहावे, असे आग्रहाने मांडले. एक श्रद्धावान आणि एक बुद्धिवादी, राजकारणात परस्परांचे कडवे विरोधक. पण गाय जगते ती चांगल्या पालनाने, यावर दोघांचा विश्वास होता.

भूतदयेचा दावा बंदीच्या परिणामांवर तपासावा लागतो. उघड, परवानगीच्या कत्तलखान्यात पशुवैद्याची तपासणी होते आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे नियम लावता येतात. चोरट्या धंद्यात जनावरे दाटीवाटीने कोंबली जातात, पाण्याविना रात्रभर नेली जातात आणि आडोशाला कापली जातात. जी विकली जात नाहीत, ती शहराच्या उकिरड्यावर प्लास्टिक खातात किंवा महामार्गावर वाहनाखाली सापडतात. उत्तर प्रदेशात पिके राखण्यासाठी शेतकऱ्यांनी रात्री जागून काढल्या, काटेरी तारा लावल्या आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला. या साऱ्यात जनावरांच्या यातना कमी झाल्या, असे म्हणणे धाडसाचे होईल.

माणसांच्या जिवाचाही हिशेब मांडावा लागतो. २०१५ मध्ये दादरी, २०१७ मध्ये अलवर आणि जून २०२३ मध्ये नाशिक जिल्हा या ठिकाणी गोमांसाच्या किंवा जनावरांच्या वाहतुकीच्या संशयावरून माणसे मारली गेली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला झुंडबळींविरुद्ध मार्गदर्शक सूचना द्याव्या लागल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात महाराष्ट्रातली बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे कलमही टिकले नाही. राज्याच्या कायद्यातही अशी कलमे शिरतात, तर देशव्यापी कायदा स्वयंघोषित रक्षकांच्या हाती कोणते हत्यार देईल, याचा अंदाज बांधता येतो.

केंद्राच्या हाती काय आहे

केंद्रीय कायद्याला विरोध म्हणजे गोवंशाच्या रक्षणाला विरोध, असे समीकरण मांडले जाते. ते चुकीचे आहे, कारण घटनेने केंद्राच्या हाती दिलेली साधने पुष्कळ आहेत आणि ती अर्धीमुर्धी वापरली जातात. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणे समवर्ती सूचीत आहे. १९६० चा कायदा आणि वाहतुकीचे नियम आहेतच, गरज आहे ती ते प्रामाणिकपणे राबवण्याची. साथीचे रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे हेही समवर्ती सूचीत आहे आणि त्यासाठी २००९ चा कायदा आहे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने देशभरात दीड लाखांहून अधिक गाई-बैल दगावले. लसीकरण वेळेवर झाले असते, तर यांतले बरेच वाचले असते, आणि त्यासाठी घटना बदलावी लागली नसती.

गोऱ्ह्यांचा प्रश्न कत्तलबंदीने सुटत नाही. कालवडीच जन्माव्यात यासाठी लिंगनिश्चित वीर्यमात्रा उपलब्ध आहेत. त्या गावच्या कृत्रिम रेतन केंद्रापर्यंत स्वस्तात पोचल्या, तर नको असलेले गोऱ्हे जन्मालाच येणार नाहीत. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांसारख्या जातींसाठी पैदास संघ, वळूंची निवड आणि त्यांच्या दुधाला वेगळा भाव हे खरे संरक्षण आहे. त्यासाठी गायरानांवरची अतिक्रमणे काढणे आणि चाऱ्याचे बियाणे पुरवणे ही कामे राज्यांच्या सहकार्याने करावी लागतील.

ज्या राज्यांना बंदी हवी आहे, त्यांच्यासाठीही एक तत्त्व ठरवता येते: विक्रीचा मार्ग जो बंद करतो, त्यानेच खरेदीदार व्हावे. भाकड गाय किंवा थकलेला बैल शेतकऱ्याने दाखल्यासह आणून दिला, तर सरकारने तो बाजारभावाने घ्यावा आणि मरेपर्यंत पोसावा. श्रद्धेपोटी बंदी मागणारा समाज गोशाळा आणि पांजरपोळ चालवून या खर्चात वाटा उचलू शकतो आणि अनेक ठिकाणी तो उचलतोही. खर्च सार्वजनिक झाला, की बंदी किती व्यापक असावी, किती वयापर्यंत असावी आणि कोणत्या जनावरांना लागू व्हावी, हे प्रश्न घोषणांतून बाहेर पडून अंदाजपत्रकात येतील.

केंद्राच्या तिजोरीवर भार टाकणाऱ्या विधेयकाला संसदेत वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. गोवंशहत्याबंदीचे विधेयक यापुढे कोणी मांडले, तर त्या ज्ञापनात भाकड आणि निकामी जनावरांच्या खरेदीचा, चाऱ्याचा आणि औषधपाण्याचा वर्षवार आकडा असायला हवा, आणि तो पैसा कोठून येणार हेही. तो आकडा नसलेले विधेयक पशुपालकाच्या मालमत्तेवर मोबदल्याविना घातलेला ताबा ठरते, आणि संसदेने ते त्याच कारणासाठी परत पाठवावे.